प्रवाशाचें ताट : जामच्या चौरस्त्यावरून

प्रवासांत जेवावें कोठें आणि कोणाच्या हातचें, हा प्रश्न आमच्या पूर्वजांस घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वींच पडत असे. आम्हांस तो भूक लागेपर्यंत आठवतहि नाहीं. नागपुराहून दक्षिणेकडे निघालेली मोटार तासा-सव्वा तासानें वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांतील जाम या गांवीं येते. येथें वाटेस फांटा फुटतो. एक सडक हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जाते, दुसरी वरोरा-भद्रावतीवरून चंद्रपुरास. गांव लहान, भोंवतालीं कापसाचीं, तुरीचीं, सोयाबीनचीं शेतें. परंतु सडकेच्या कडेस पाहावें तों कांचेचीं दारें, गार हवेचीं दालनें, पुढें राखलेली हिरवळ, अशा थाटाचीं भोजनगृहें उभीं आहेत. आणि आंत नागपूरचे डॉक्टर, चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणींवरील अंमलदार, ताडोब्यास वाघ पाहण्यास निघालेलीं पुण्या-मुंबईचीं कुटुंबें व लग्नाहून परतणारी मंडळी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून जेवीत आहेत. कोण कोणाच्या शेजारीं बसला आहे, आंत भट्टीपाशीं कोण उभा आहे, याची चौकशी कोणी करीत नाहीं. ही चौकशी न होणें आम्हांस त्या भोजनगृहांच्या थाटाहून अधिक महत्त्वाचें वाटतें. कारण तें या भूमीवर फुकट मिळालेलें नाहीं. त्याचा थोडा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

रेल्वेपूर्वीच्या काळांत प्रवाशापुढें मार्ग दोनच असत. एक, शिधा मागून किंवा विकत घेऊन आपला आपण स्वयंपाक करावा. दुसरा, घरून बांधून आणलेल्यावर भागवावें. १८५७ च्या धामधुमींत उत्तरेकडे गेलेले विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ पुढें १९०७ सालीं छापून निघाला. त्या काळच्या भिक्षुकाची वाटचाल कशी होई, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं तो अवश्य चाळावा. स्नान, सोंवळें, चूल, भांडीं, हें सर्व बिऱ्हाड पाठीवर. पाण्यांत शिजलेलें तें खरकटें, आणि खरकटें परक्याच्या हातचें चालावयाचें नाहीं, असा दंडक होता. म्हणून लाह्या, सातूचें पीठ, लाडू अशा जिनसा प्रवासांत निघाल्या. दशमी हा आपल्या घरोघरचा गोड पदार्थ. परंतु तिच्या पिठांत पाण्याऐवजीं दूध घालण्याचें मूळ कारण रुचि नसून शास्त्र आहे, हें आज तीं खाणाऱ्या मुलांस सांगितलें तर तीं हंसतील. दुधांत भिजविलेलें खरकटें होत नाहीं, म्हणून ती वाटेवर खातां येई. आमच्या फराळाच्या डब्याचा निम्मा इतिहास असा स्पर्शाच्या भीतींतून निघालेला आहे.

ज्यांची जात हा दंडक पाळणाऱ्यांपैकीं नव्हती त्यांची अडचण निराळी होती, आणि ती कितीतरी मोठी होती. त्यांस धर्मशाळेच्या ओंवरींत जागा नाहीं, विहिरीवर पाणी नाहीं. अन्नछत्राचें पुण्य सांगणारे शिलालेख व बखरी पुष्कळ आहेत. छत्राच्या बाहेर, पत्रावळी टाकतात त्या बाजूस कोण बसे, तें त्यांत लिहिलेलें नसतें.

समुद्रपूर तालुक्यांतच गिरड येथें टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. टेकडीवर गोल गोल दगड विखुरलेले सांपडतात. त्यांची कथा अशी कीं, दोन फिरते व्यापारी या वाटेनें चालले असतां त्यांनीं साधूची थट्टा केली आणि त्यांचा सारा माल दगडाचा झाला. भूगर्भशास्त्री त्या दगडांचें कारण निराळें सांगतात, आणि तेंच खरें. पण कथेवरून एवढें दिसतें कीं या मुलखांतून मालाची ने-आण करणारे वाटसरू फार जुन्या काळापासून जात आहेत, आणि गांवच्या लोकांनीं त्यांस फारसें प्रेमानें पाहिलेलें नाहीं.

इंग्रजांचें राज्य आल्यावर सडकेवर डाकबंगले झाले. तेथें खानसामा असे, तो बहुधा मुसलमान. कोंबडी शिजे, दरपत्रक भिंतीला टांगलेलें असे. दर लिहून लावणें ही गोष्ट क्षुल्लक दिसते, परंतु आमच्या मतें हा मोठा फेरफार होता. यजमानाच्या घरीं अन्नास किंमत नसते, पण अटी असतात. डाकबंगल्यांत किंमत होती आणि अटी त्या मानानें कमी होत्या. अर्थात् तो बंगला साहेबासाठीं होता. एतद्देशीय प्रवाशास त्याचा उपयोग क्वचितच होई, आणि झाला तरी तेथें आपण जेवलों असें तो घरीं जाऊन सांगत नसे.

१८६२ सालीं वर्धा जिल्हा निराळा झाला, आणि १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोहोंचली. पुढील दशकांत वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्याच्या कोळशाकडे फांटा गेला. १९२९ पर्यंत बल्लारशा-काझीपेठ हा दुवा सांधला गेला आणि मद्रासकडे जाणारी वाट वर्ध्यावरून सरळ झाली. सडकेचें महत्त्व तितकें घटलें. पण गाडीच्या डब्यानें मोठी पंचाईत केली. एकाच बांकावर सर्व जाति बसल्या! मग शिवाशिवीनें आपलें ठाणें फलाटावर मांडलें. हिंदूंचें पाणी निराळें, मुसलमानांचें निराळें. उपाहाराच्या खोल्या निराळ्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत हा प्रकार चालू होता. एंजिन एक, रूळ एक, आणि पाण्याच्या घागरी दोन, हें चित्र आमच्या राष्ट्राच्या तेव्हांच्या स्थितीचें इतकें यथार्थ आहे कीं त्यावर अधिक भाष्य नको.

शहरांत खानावळी निघाल्या त्या विद्यार्थी, कारकून आणि गिरणकामगार यांच्यासाठीं. त्यांच्या पाट्या वाचण्यासारख्या असत. ‘ब्राह्मणी खानावळ’, ‘मराठा खानावळ’, सोलापूरकडे ‘लिंगायत खानावळ’. पाटी पदार्थ सांगत नसे, स्वयंपाक्याची जात सांगत असे, आणि तीवरून आंत कोणी यावें हें ज्याचें त्यानें ओळखावयाचें. नागपूरचीं सावजी भोजनालयें याच वर्गांतलीं. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरचा तो तिखटजाळ रस्सा. हातमागाचा धंदा बसला तशी घरची चूल हीच दुकान झाली. परंतु मजा अशी कीं आज सावजी म्हणजे जात हें बाहेरच्या खाणाऱ्यास माहीतहि नसतें. तो त्यास मसाल्याचें नांव समजतो. जातीचें नांव मसाल्यांत विरघळून जावें, हें आम्हांस कोणत्याहि परिषदेच्या ठरावापेक्षां अधिक परिणामकारक वाटतें.

मात्र ही विरघळण्याची क्रिया आपोआप झाली नाहीं. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. त्यांत रानडे होते, टिळक होते. पुढें नांवें छापून निघालीं, ग्रामण्य झालें, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला आणि अखेर रानड्यांनीं स्नेह्यांच्या आग्रहास्तव प्रायश्चित्त घेतलें. न्यायाधीशाच्या पदावर असलेला, देशांतील पहिल्या प्रतीचा विद्वान्, आणि त्याची कोंडी एका चहाच्या पेल्यानें! कोल्हापुरास याच्या उलट घडलें. गंगाराम कांबळे हा महार समाजाचा मनुष्य संस्थानच्या चाकरींत असतां पाण्यास शिवला म्हणून त्यास मारहाण झाली. शाहू महाराजांनीं त्यास स्वतंत्र धंदा काढण्यास साह्य केलें व त्यानें ‘सत्यसुधारक’ नांवाचें चहाचें हॉटेल काढलें. गिऱ्हाईक येईना. तेव्हां महाराज आपली गाडी त्या दारापुढें थांबवूं लागले आणि भर रस्त्यांत गंगारामाच्या हातचा चहा घेऊन बरोबरच्या मंडळींसहि देऊं लागले. छत्रपतीनें दिलेला पेला नाकारावा कोणीं? रत्नागिरीस सावरकरांनीं १९३३ सालीं ‘अखिल हिंदु उपाहारगृह’ काढविलें, तेंहि याच मार्गावरचें. या तिन्ही गोष्टींत वस्तु एकच, चहा-फराळाची बशी. पण एके ठिकाणीं ती शिक्षा झाली आणि इतरत्र तिचेंच शस्त्र केलें गेलें.

आतां वर्ध्याकडे वळूं, कारण या बाबतींत हा जिल्हा मागें राहिलेला नाहीं. जमनालाल बजाज यांनीं १९२८ सालीं वर्ध्याचें आपलें लक्ष्मीनारायणाचें मंदिर अस्पृश्यांस मोकळें केलें. १९३६ सालीं गांधीजी शेगांवीं राहावयास गेले. त्या गांवाचेंच पुढें सेवाग्राम झालें. तेथील स्वयंपाकघर देशभर प्रसिद्ध होतें तें चवीसाठीं नव्हे. उकडलेल्या भाज्या, मसाल्यास रजा, घंटेबरोबर जेवण. आलेल्या पाहुण्यांपैकीं पुष्कळांनीं तें ताट कर्तव्यबुद्धीनेंच संपविलें असेल. परंतु तेथें चुलीपाशीं जातीवरून कोणास मज्जाव नव्हता. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. गांधीजींनीं १९२० च्या सुमारास भोजनावरील जातिनिर्बंधांचें समर्थन केलें होतें. हें मत त्यांनीं पुढें सोडलें. आणि ज्या वर्षीं ते शेगांवीं गेले त्याच १९३६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं जातिनिर्मूलनावरचा आपला निबंध प्रसिद्ध करून बजावलें कीं, सहभोजनानें जात मरत नाहीं. तिच्यावर खरा उपाय मिश्रविवाह. जामच्या मेजांकडे पाहतांना हें वाक्य विसरून चालणार नाहीं. एकाच दालनांत जेवणारीं तीं दहा कुटुंबें आपापल्या घरीं परत गेल्यावर सोयरिकीच्या वेळीं काय विचारतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे.

तरीहि कायद्यानें एक पायरी घातली. १९५० च्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, हॉटेलें यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास मज्जाव करतां येणार नाहीं असें स्पष्ट लिहिलें गेलें. एवढ्या मोठ्या देशाची घटना, आणि तींत हॉटेलाचा नांवानें उल्लेख! परदेशी वाचकास तो विचित्र वाटेल. पण ज्यांस पितळी पेल्याऐवजीं बाहेर ठेवलेली निराळी कपबशी मिळे, त्यांस तो विचित्र वाटला नसेल. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यानें त्यास शिक्षेची धार आणली.

थाटाचें भोजनगृह ही मूळची मुंबईची वस्तु. तेथील ताजमहाल हॉटेल १९०३ सालीं उघडलें. त्याचे संस्थापक जमशेटजी टाटा यांनीं १८७७ सालीं नागपुरांत एंप्रेस गिरणी सुरू केली होती, आणि नागपूर निवडण्याचें एक मुख्य कारण जवळच पिकणारा कापूस हें होतें. हिंगणघाटाकडील कापसाची प्रसिद्धि तेव्हां विलायतेपर्यंत होती. अशा रीतीनें समुद्रकांठच्या त्या घुमटाखालच्या वैभवांत या काळ्या मातीचाहि कांहीं अंश आहे; तें वैभव कापसाच्या शेतापर्यंत उलट यावयास मात्र शंभर वर्षें लागलीं.

तें आलें तें सडकेवरून. वाराणसी-कन्याकुमारी हा सातव्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जामवरून जाई. २०१० च्या नव्या क्रमवारींत श्रीनगर-कन्याकुमारी या ४४ क्रमांकाच्या महामार्गांत तो भाग गेला. मालमोटारींबरोबर ढाबे आले, आणि ढाब्यांबरोबर पंजाबची तंदूर. १९४७ च्या फाळणीनें पेशावराकडून उखडलेल्या मंडळींनीं त्याच वर्षीं दिल्लीच्या दर्यागंजांत ‘मोती महल’ काढलें. तेथून लोण्यांतली कोंबडी व तंदुरी रोटी साऱ्या हिंदुस्थानभर पसरली. निर्वासितांचें हें अन्न पाहतां पाहतां श्रीमंतीचें अन्न झालें. जामच्या भोजनपत्रिकेंत आज तीच पानेंच्या पानें आहेत : पनीर, नान, दाल मखनी, त्यांच्या पाठोपाठ उडुपीचे डोसे. पाटवडीचा रस्सा, गोळाभात, सांबारवडी (येथें सांबार म्हणजे कोथिंबीर, दाक्षिणात्यांचें सांबार नव्हे), वांग्याचें भरीत, हीं ज्या मातींत जन्मलीं त्या मातीवर उभ्या असलेल्या भोजनगृहांत तीं कोठें आढळलींच तर ‘खास वऱ्हाडी’ म्हणून, पाहुण्यासारखीं. आम्ही याबद्दल फार ऊर बडवीत नाहीं. प्रवासी घरचें खाण्यासाठीं बाहेर पडत नाहीं, आणि जे पदार्थ रोज फुकट मिळतात त्यांस पैसे देण्यास मनुष्य नाखूष असतो. तथापि ज्वारीची भाकरी नीट थापून गरम वाढणें हें नान भाजण्याहून अवघड काम आहे, आणि तें करणाऱ्या बायका याच गांवांत आहेत, हें मालकांच्या ध्यानांत येण्यास हरकत नाहीं.

जामच्या भोजनगृहांचा एक विशेष असा आहे कीं जो नागपुरांतील त्याच दर्जाच्या भोजनगृहांत आढळणार नाहीं. गांधी-विनोबांची कर्मभूमि म्हणून वर्धा जिल्ह्यांत सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. चोरटी दारू जिल्ह्यांत मिळत नाहीं असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. पण उजळ माथ्यानें व्यापार करणाऱ्या भोजनगृहास ती ठेवतां येत नाहीं, आणि महाराष्ट्रांतील मोठ्या हॉटेलांचा नफा कशावर चालतो हें ज्यांस माहीत आहे त्यांस याचा अर्थ समजेल. येथें मालकानें कमवावयाचें तें अन्नावर, स्वच्छतेवर आणि वाहनें लावण्याच्या जागेवर. शेजारच्या चंद्रपुरांत १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली व २०२१ सालीं ती उठली. २०१६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें महामार्गांलगतच्या दारूविक्रीवर सर्वत्रच निर्बंध घातले, तेव्हां इतर जिल्ह्यांतील हॉटेलवाल्यांनीं डोक्यास हात लावले. जामच्या मंडळींचें त्यांत जावयाचें असें कांहींच नव्हतें. याहून गमतीची गोष्ट करांची आहे. २०११ च्या मे महिन्यापासून केंद्र सरकारनें उपाहारगृहांवर जो सेवाकर बसविला त्याच्या अटी दोन होत्या : गार हवेची सोय आणि मद्याचा परवाना, दोन्ही असलीं पाहिजेत. म्हणजे वर्धा जिल्ह्यांतील गारेगार दालन करमुक्त! २०१३ सालीं परवान्याची अट गेली आणि गार हवा तेवढी शिल्लक राहिली. वस्तु-सेवा कर आला तेव्हांहि, २०१७ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत, पंख्याखालच्या जेवणास १२ टक्के व यंत्राच्या गारव्यांतल्या जेवणास १८ टक्के असा पंक्तिभेद होता. नंतर दोहोंस ५ टक्के झाले. पंगतींतला भेद जातीवरून निघून हवेवर गेला, एवढी प्रगति सरकारी कागदावरहि नमूद आहे.

दारू नसल्यानें दुसरी एक गोष्ट साधली, ती आमच्या मतें सर्वांत मोठी. मराठी हॉटेलांत पूर्वी ‘फॅमिली रूम’ म्हणून पडदा लावलेलीं कप्प्यांवजा खोपटीं असत. स्त्रियांनीं तेथें बसावें, कारण मोकळ्या दालनांत बसण्यासारखी स्थिति नसे. जाम येथें सगळें दालनच कुटुंबांचें आहे. सासूबाई, सून, लेकी, सगळ्या एका वेळीं बसतात आणि गरम पोळी पहिल्यांदा त्यांच्याहि ताटांत पडते. आमच्या जुन्या पंगतींचें वर्णन करतांना आग्रहाचें, श्लोक म्हणण्याचें, तुपाच्या धारेचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे आणि तें खोटें नाहीं. परंतु त्या पंगतींत वाढणाऱ्या बायका तिसऱ्या प्रहरीं, उरलेल्यावर बसत असत. हॉटेलांत आग्रह नाहीं, माया नाहीं, बिल मात्र आहे, अशी तक्रार करणारा बहुधा पुरुष असतो. ज्या बाईनें तीस वर्षें सर्वांच्या मागून जेवण केलें, तिला परक्या मनुष्यानें “आपल्याला काय आणूं?” असें विचारणें म्हणजे काय, याची कल्पना त्याला नसते.

हें सर्व मान्य करूनहि एका गोष्टीकडे डोळेझांक करतां येत नाहीं. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २९७ रुपये ठरली होती. त्या कांचेच्या दाराआड दोघांचें साधें जेवण एवढ्यांत होत नाहीं. सडकेपलीकडच्या शेतांत कापूस वेचणारी बाई किलोवर पैसे घेते. तिला आंत येण्यास आज कोणताहि कायदा, कोणतीहि रूढि अडवीत नाहीं. दरपत्रक अडवितें. डाकबंगल्याच्या भिंतीवरच्या ज्या दरपत्रकाचें आम्हीं वर कौतुक केलें, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. किंमत जात विचारीत नाहीं, हें खरें. परंतु पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हातीं पैसा येऊं दिला गेला नाहीं, त्यांस पुन्हां बाहेर ठेवण्यास तिला जात विचारण्याची गरजहि पडत नाहीं. भोजनगृहाच्या मालकास यांत दोष देणें अन्यायाचें होईल. तो व्यापारी आहे, अन्नछत्राचा धनी नव्हे.

दरवर्षीं ऑक्टोबराच्या मध्यास या सडकेवर गर्दी होते. १९५६ च्या १४ ऑक्टोबरास डॉ. आंबेडकरांनीं नागपुरास धम्मदीक्षा घेतली व १६ तारखेस चंद्रपुरास पुन्हां दीक्षासमारंभ झाला. त्या स्मृतीसाठीं लोक दोन्ही ठिकाणीं जातात, आणि चंद्रपूर-नागपूरच्या वाटेवर जाम लागतें. गाड्या भरून आलेले पुष्कळ जण सावली पाहून शिदोरी सोडतात. कांहीं जण मुलाबाळांसह कांचेचें दार ढकलून आंत जातात, मेजावरची पत्रिका उघडतात, उजव्या बाजूचे आंकडे आधीं वाचतात, आणि मग काय मागवावयाचें तें ठरवितात.